तीन फायली, एक कागद: बीपी, शुगर, हृदय आणि गुडघे एकत्र सांभाळताना

जत किंवा कवठेमहांकाळहून मिरजेला येणाऱ्या वयस्कर पेशंटच्या पिशवीत बऱ्याचदा तीन फायली असतात. एक हृदयाची, एक शुगरची आणि तिसरी गावातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची. प्रत्येक डॉक्टर आपली फाईल बघून योग्य औषध देतात. घोळ होतो तो एका फाईलमधली गोळी दुसऱ्या फाईलमधल्या गोळीला भिडते तेव्हा. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पण सगळी औषधं एकत्र बघायची तर ती आधी एका कागदावर यायला हवीत, आणि ते काम घरच्यांनाच करावं लागतं.

घरातली सगळी औषधं एका ताटात काढा. गोळ्या, इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब, कॅल्शियम, काढे, अंगदुखीच्या पुड्या, काहीही वगळू नका. पाच-सहाच गोळ्या घेतल्या की दुकानदार पट्टी कापून देतो आणि नाव नेमकं उरलेल्या तुकड्यावर राहतं. नाव, ताकद आणि मुदतीची तारीख दिसेल असा तुकडा मागून घ्या.

मग कागदावर पाच रकाने पाडा: मूळ औषध, मिलिग्रॅम, वेळ, कशासाठी, कोणी दिलं. कंपनीचं नाव नको, मूळ औषधाचं लिहा. सगळा फायदा याच रकान्यात आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेलं बीपीचं टेल्मिसार्टन आणि गावात मिळालेली टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिनची जोडगोळी वेगवेगळ्या नावांनी येते, म्हणून दोन्ही चालू राहतात. मग उठताना चक्कर येते, माणूस पडतो आणि घरचे म्हणतात, अशक्तपणा आलाय. शुगर कमी करणारं ग्लिमेपिराइड असं दुप्पट झालं तर शुगर प्रमाणाबाहेर उतरते, तीही बऱ्याचदा रात्री. जनऔषधी केंद्रातून स्वस्त गोळी आणायला सुरुवात केली असेल तर जुन्या नावाची पट्टी डब्यातून काढून टाका, नाहीतर दोन्ही पोटात जातात.

आता गुडघ्यांकडे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी बीपी वाढतं, अंगात पाणी साठतं आणि किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. सोबत टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि लघवीची (लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारी) गोळी चालू असेल, तर किडनीला तिहेरी मार बसतो. दुखण्यासाठी काय घ्यायचं हे किडनीचा रिपोर्ट बघूनच ठरवून घ्या. साधं पॅरासिटामॉल बहुतेकांना तुलनेनं सुरक्षित पडतं. बिनलेबलच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळतं. त्यानं गुडघा दोन दिवसांत मोकळा होतो आणि शुगर भलतीच चढते. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम बंद करणंही धोक्याचं आहे, डॉक्टरांना सांगून कमी करा.

थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्या. कॅल्शियम आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवा.

हा कागद घेऊन एकाच डॉक्टरांकडे जा. शक्यतो फिजिशियन, नाहीतर तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखणारे गावातले डॉक्टर. त्यांना विचारा: यातली कुठली गोळी आता लागत नाही? किडनीच्या मानानं कुठला डोस बदलायचा? जुलाब-उलट्या लागल्या तर कुठल्या गोळ्या थांबवायच्या? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. अंगातलं पाणी कमी झालं की शुगरची मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन, लघवीची गोळी, टेल्मिसार्टन ही सगळी अडचणीची ठरू शकतात, म्हणून उत्तर कागदाच्या मागे लिहून घ्या. उलट इन्सुलिन, किंवा अँजिओप्लास्टीनंतरची रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मनानं बंद करायची नाहीत, दात काढायचा असला तरी.

रिपोर्टवर क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.२ दिसलं की ‘नॉर्मल आहे’ म्हणून कागद घडी करून ठेवतात. सत्तरीच्या बाईला त्याच आकड्यावर ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, साधारण ४९ येतो, म्हणजे किडनीचं काम कमी झालेलं असू शकतं. लॅबकडून ईजीएफआर मागून घ्या. तो ४५ च्या खाली गेला की मेटफॉर्मिनचा डोस कमी करण्याचा विचार होतो, ३० च्या खाली ते बंद करतात. शुगर असेल तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन, डोळ्यांचा पडदा आणि तळपाय तपासून घ्या. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) आटोक्यात असेल तर सहा महिन्यांनी, नसेल तर तीन महिन्यांनी करा. रक्त कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो, तेही डॉक्टरांना सांगा.

घरी बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला बांधा. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. आठवडाभराची सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर वही घेऊन दाखवायला जा.

एकादशी धरणाऱ्यांनी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनचं काय करायचं ते आधीच विचारून ठेवावं. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं आणि शुगर ७० च्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. उपास त्या क्षणी मोडायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट १०८ ला फोन करा.

कागदावर तारीख टाका आणि एखादी गोळी बदलली की नवा लिहा. जुन्यावर आडवी रेघ मारा, नाहीतर रात्री घाईत दवाखान्यात नेताना नेमका तोच हाताला लागतो. नव्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, त्यातला एकजण पुण्या-मुंबईला असला तरी चालेल.