कॅमेलिऑन खात नाही? किडे बदलण्याआधी या चुका टाळा

पाळलेल्या कॅमेलिऑनने (रंग बदलणाऱ्या सरड्याने) खाणं सोडलं की बहुतेक जण आधी किडा बदलतात. रातकिडे नाकारले, मग मीलवर्म. तेही नको, मग वॅक्सवर्म. यात मोलाचे दिवस जातात आणि प्राणी आणखी अशक्त होतो. भूक मेल्याचं मूळ बऱ्याचदा खाण्यात नसतंच. ते उष्णतेत, दिव्यात किंवा पाण्यात असतं.

उष्णतेपासून सुरुवात करा. पचनासाठी लागणारी ऊब कॅमेलिऑनला बाहेरून मिळवावी लागते. प्रौढ व्हेल्ड कॅमेलिऑनला (ही एक जात) शेक घ्यायच्या फांदीवर साधारण २९ ते ३२ अंश सेल्सिअस लागतात. तेवढं मिळालं नाही तर पोटातलं पचत नाही, मग पुढचं तो कशाला खाईल? तापमान त्याची पाठ जिथे येते तिथेच मोजा. पिंजऱ्याच्या भिंतीला चिकटवलेल्या थर्मामीटरवर भरवसा ठेवू नका. आणि दिवा इतका जवळही नको की डोक्यावरचा तुरा किंवा पाठ भाजेल.

पावडर रोज, तरी पाय वाकडे

बरेच जीव या चुकीने जातात, आणि ती टाळता येते म्हणून जास्त वाईट वाटतं. रातकिड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार कमी असतं. कॅमेलिऑनला हवं असतं नेमकं उलटं: फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम. म्हणून किडे कॅल्शियम पावडरीत घोळवून देतात. पण ते कॅल्शियम आतड्यातून शोषलं जायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते त्वचेत तयार व्हायला यूव्हीबी (अतिनील) किरण लागतात. हे किरण साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. बंद खिडकीतलं ऊन किंवा काचेच्या झाकणावर ठेवलेली यूव्हीबी ट्यूब म्हणजे नुसता उजेड.

शिवाय ट्यूब लखलखीत दिसत असली तरी तिचं यूव्हीबी हळूहळू घटत जातं. त्यामुळे ट्यूबच्या प्रकारानुसार सहा महिने ते वर्षभरात ती बदलावीच लागते. लावल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा.

फांदीवरची पकड सैल होणं, नेम धरूनही जीभ किड्यापर्यंत न पोचणं, जबडा मऊ पडणं, पाय वाकणं ही हाडांच्या आजाराची लक्षणं. पाय वाकेपर्यंत थांबू नका.

उलट टोकाची चूकही होते. डी३ (ड जीवनसत्त्वाचा प्रकार) असलेली पावडर रोज दिली तर ते शरीरात साठतं आणि कॅल्शियम मूत्रपिंडासारख्या अवयवांत जमू लागतं. यूव्हीबी नीट असेल तर नेहमीसाठी साधं कॅल्शियम पुरतं. डी३ची पावडर आणि मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून साधारण दोनदा. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर डोळे सुजतात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन पूर्ण बंदही करू नये.

किड्यांनाही एक-दोन दिवस आधीपासून पालेभाज्या, गाजर, रताळं खाऊ घाला. उपाशी किडा म्हणजे रिकामं कवच. किड्याची लांबी कॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. उरलेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात सोडू नका, ते झोपलेल्या प्राण्याला चावतात. काजवे कधीच देऊ नका. त्यांच्यातलं विष जीव घेतं.

वाटीत पाणी आहे, तरी तहान

बहुतेक कॅमेलिऑन साठलेल्या पाण्याकडे वळत नाहीत. ते पानांवरचे थेंब चाटतात. फवारा मारा किंवा ठिबक ठेवा, मात्र दोन फवाऱ्यांच्या मध्ये पानं सुकू द्या. सतत दमट आणि हवा न खेळणारा पिंजरा फुफ्फुसाच्या संसर्गाला निमंत्रण देतो. विष्ठेसोबत येणारा युरेटचा (घट्ट लघवीचा) भाग पांढरा असावा. तो गडद पिवळा किंवा नारिंगी झाला आणि डोळे खोल गेले तर पाणी कमी पडतंय. घाबरून सिरिंजने तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

मादी खात नाही तेव्हा

व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते. तिला भरपूर खाऊ घातलं तर अंड्यांची संख्या वाढते आणि तिचं शरीर झिजतं. प्रौढ प्राण्याला एक दिवसाआड खाणं पुरेसं असतं. मादी खाणं सोडून तळाशी अस्वस्थ फिरू लागली तर तिला भरवत बसू नका. ओलसर माती आणि वाळूचा किमान ३० सेंटीमीटर खोल थर असलेलं भांडं ठेवा आणि तिच्या नजरेआड व्हा. खणायला जागा नसेल तर अंडी आत अडकू शकतात. खणणं थांबवून ती डोळे मिटून तळाशी पडली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नर असो वा मादी, दिवसा डोळे मिटलेले असणं, तोंड उघडून मान वर करून श्वास घेणं, तोंडाशी बुडबुडे येणं किंवा फांदीवरून पडणं यांत घरगुती उपाय नको. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. जाताना पिंजऱ्याचे फोटो, दिव्यांची आणि पावडरींची नावं आणि परजीवी तपासण्यासाठी ताजी विष्ठा बंद डबीत न्या.