पत्र्यावर माणूस चढवण्याआधी या चुका टाळा

मे महिना निम्मा सरला की एमआयडीसीतल्या मालकांना शेडची गळती आठवते. मग ठेकेदाराला फोन जातो, "पाऊस यायच्या आत चार पत्रे बदलून टाक." दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पोरं शिडी लावून वर. मी सेफ्टीचं काम करतो. बहुतेक चुका वर चढल्यावर होत नाहीत, त्या या फोनवरच होऊन गेलेल्या असतात.

"माणसं ठेकेदाराची, जबाबदारी त्याची"

वर्क ऑर्डरमध्ये तसं एक वाक्य टाकलं की आपण मोकळे, अशी समजूत असते. फॅक्टरीज ॲक्ट, 1948 च्या 32 व्या कलमात शब्द होता 'कोणतीही व्यक्ती'. पडण्याची शक्यता असेल अशा उंचीवर कोणालाही काम करावं लागत असेल, तर कठडा घालून किंवा अन्य मार्गाने, शक्य तितकी सुरक्षिततेची तजवीज करायची. ती व्यक्ती कोणाच्या मस्टरवर आहे, हे तिथं विचारलेलंच नव्हतं. किती फुटांपासून, तेही नाही. त्यामुळे "सहा फुटांच्या आत चालतं" हा नियम आपणच काढलेला.

21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात गेला. जबाबदारी काही हलकी झाली नाही. मालकाने कर्तव्यात कसूर केल्यामुळे मृत्यू झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडातली निम्मी किंवा जास्त रक्कम वारसांना द्यायला कोर्ट सांगू शकतं. सुरक्षेसाठी दिलेल्या वस्तूचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, हेही त्यात आहे. सेफ्टी बेल्टचे पैसे हजेरीतून कापणाऱ्या मुकादमांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

"माझ्या जबाबदारीवर चढतो आहे" असा अंगठा घेऊन ठेवणारे महाभागही भेटतात. त्या कागदावरून एवढंच कळतं, की धोका तुम्हाला आधीच माहीत होता.

पत्रा पक्का आहे असं धरून चालणं

सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलायला बनवलेलाच नसतो. जुना झाला की तडकतो, आणि तडकताना आधी सांगत नाही. "बोल्टच्या रांगेवरून चाल, खाली पर्लिन आहे" हा सल्ला पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. पर्लिन म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो ती आडवी तुळई, जेमतेम चार बोटं रुंद, हातात आठ-दहा फुटी पत्रा, वर वारा. तोल गेला की पाय रांगेच्या बाहेरच पडणार.

त्याहून वाईट म्हणजे उजेडासाठी मध्ये मध्ये बसवलेले फायबरचे पत्रे. एका कारखान्यात गळतीसाठी सगळ्या छतावर पांढरा लेप मारलेला होता. वरून फायबर कुठला, सिमेंट कुठला, काही कळेना. आम्ही चढायच्या आधी दिवे बंद करून आतून वर पाहिलं. लेपातूनही सात ठिकाणी मळका पिवळा उजेड झिरपत होता. भिंतीकडून रांगा मोजल्या, कागदावर खुणा केल्या. त्या दिवशी वर जायला निघालेला पोरगा तो कागद बघून म्हणाला, "साहेब, काल मी यातल्या एकावर टेकून बिडी ओढली."

आधी विचार करायचा तो हा, की वर जाणं खरंच भाग आहे का? खालून परांची बांधून किंवा सिझर लिफ्टवरून (वर-खाली होणाऱ्या फलाटावरून) पुष्कळदा पत्रा बदलता येतो. जायचंच असेल तर किमान दोन-तीन पर्लिनवर टेकतील अशा, बांधून घट्ट केलेल्या चालण्याच्या फळ्या, खाली जाळी, आणि त्या भागातलं मशिन बंद. लेबर खाली काम करतंय आणि वर पत्रे निघताहेत, हे तर रोजचं दृश्य.

बेल्ट दिला, काम झालं

बेल्ट अडकवायचा कशाला, हे कोणी ठरवतच नाही. मग हुक जातो वायरिंगच्या पाइपात, केबल ट्रेला, नाहीतर जो पत्रा काढायचा त्याच्याच जे-बोल्टला! आणखी एक हिशोब सहसा राहून जातो. दोरी 1.8 मीटर, झटका सोसणारी पट्टी उघडली की आणखी पावणेदोन मीटरपर्यंत, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड, आणि मीटरभर मोकळी जागा. हुकापासून खाली साधारण 6 मीटर झाले. तुमची शेड 5 मीटरची आणि हुक पायाशी, तर माणूस बेल्टसकट जमिनीवर आदळतो. म्हणून हुक डोक्याच्या वर हवा किंवा दोरी आखूड हवी. पुढे सरकताना एक हुक कायम अडकलेला राहावा म्हणून दुहेरी दोरी. आणि नुसता कमरपट्टा नको, खांदे, छाती आणि मांड्या धरणारा फुल बॉडी हार्नेसच.

लटकला तर उतरवणार कोण?

हे विचारलं की शांतता पसरते. "फायर ब्रिगेडला फोन करू." हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायात रक्त साठत जातं, तो थोड्याच वेळात बेशुद्ध होऊ शकतो. गाडी येईपर्यंत वेळ असतोच असं नाही. उंचीवरच्या कामाच्या परमिटवर (परवान्यावर) सही करण्याआधी आम्ही आता दोन नावं लिहून घेतो, उतरवणाऱ्यांची. ती दोघं जेवायला गेली, की वरचं काम थांबतं. ठेकेदार कुरकुरतो.