दशांशांची वजाबाकी: पहिलं उदाहरण कोणतं द्यायचं?

दशांश अपूर्णांकांची वजाबाकी शिकवायला घेतली की फळ्यावर पहिलं उदाहरण बहुतेक वेळा ६.८ − २.३ असंच पडतं. मग ७.९ − ४.५, मग हातच्याचं एखादं. मुलं भराभर सोडवतात, दहापैकी दहा मिळवतात. माझा या दहापैकी दहांवर भरवसा नाही. दोन्ही संख्यांत टिंबानंतर सारखेच अंक असले की मुलाला टिंबाकडे बघावंच लागत नाही. ते ६८ मधून २३ वजा करतं, उत्तरात एक टिंब टाकतं आणि मोकळं होतं. म्हणजे सराव झाला तो दुसरी-तिसरीतल्या वजाबाकीचा, आणि सोबत एक चुकीची सवय पक्की झाली: अंक उजवीकडून एकाखाली एक लावायचे.

म्हणून माझा आग्रह असा की पहिल्या, फार तर दुसऱ्या दिवशी ८ − २.४५ फळ्यावर यायलाच हवं. ते कसं सोडवायचं हे आधी सांगू नका. वर्गात फिरा आणि वह्या बघा. कुणीतरी ८ हा ५ च्या डोक्यावर बसवलेला असतो: आठातून पाच गेले तीन, बाकीचे अंक तसेच खाली, उत्तर २.४३. आता ५.२ − १.३७ द्या. एकाचं उत्तर येतं ३.९७, कारण ७ च्या वर काहीच नाही, मग ७ सरळ खाली उतरवला. दुसऱ्याचं ४.३५, कारण त्याने टिंबाच्या अलीकडचं आणि पलीकडचं वेगवेगळं केलं आणि ३७ मधून २ घालवले. ही उत्तरं निष्काळजीपणाची नाहीत. प्रत्येकामागे मुलाने स्वतःच बनवलेला एक नियम आहे. लाल फुली मारण्याआधी ‘कसं केलंस ते सांग’ एवढंच विचारलं की तो नियम बाहेर येतो, आणि नेमकं काय शिकवायचं ते आपल्याला कळतं.

त्याही आधीची एक चाचणी दोन मिनिटांत होते. ०.५ मोठं की ०.३७? मूल ‘०.३७’ म्हणालं तर वजाबाकी तिथेच थांबवा. ‘पॉइंट सदतीस’ असं वाचत आल्यामुळे त्याला ३७ आणि ५ दिसतात. काही दिवस ‘तीन दशांश, सात शतांश’ असंच वाचून घ्या. जीभ अडखळते, पण प्रत्येक अंकाचं घर कोणतं ते ध्यानात राहतं.

आता कागद आणि कात्री. चौकटींच्या कागदावर १० × १० चे मोठे चौकोन आखून कापून घ्या. अख्खा चौकोन म्हणजे १, त्याची एक उभी पट्टी म्हणजे ०.१ आणि एक बारीक चौकट म्हणजे ०.०१. उदाहरण घ्या २.३ − ०.८५. मुलासमोर दोन चौकोन आणि तीन पट्ट्या मांडा आणि म्हणा, यातून आठ पट्ट्या आणि पाच चौकटी मला दे. चौकटी तर एकही नाही! इथे गप्प बसायचं, सुचवायचं नाही. थोड्या वेळाने मूल आपणहून कात्री उचलतं आणि एका पट्टीच्या दहा चौकटी करतं. पाच दिल्या, पाच उरल्या. पट्ट्या राहिल्या दोन, हव्यात आठ. मग एका चौकोनाच्या दहा पट्ट्या. झाल्या बारा, आठ गेल्या, चार उरल्या. समोर एक चौकोन, चार पट्ट्या, पाच चौकटी: १.४५. हातचा घेणं म्हणजे मोठा तुकडा कापून सुटा करणं, हे त्याने हाताने केलेलं असतं. त्यानंतरच वहीत त्याच उदाहरणाची उभी मांडणी करायची, आणि प्रत्येक पायरीला ‘आता कात्रीने काय केलं होतंस?’ हे विचारायचं.

मांडणीसाठी चौकटींची वही उत्तम. एका चौकटीत एकच अंक. टिंबाला मात्र स्वतंत्र चौकट देऊ नका, ते दोन चौकटींमधल्या रेषेवर बसवा, कारण टिंब हे स्थान नव्हे, ते फक्त एकक कुठे संपतो ते दाखवतं. आधी पेन्सिलीने उभी रेघ, तिच्यावर टिंबं एकाखाली एक, मग अंक. वर लहान अक्षरांत एकक, दशांश, शतांश लिहून घ्या. युरोपात दशांशांचा प्रसार करणारा फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिन १५८५ साली अंकांसोबत वर्तुळात स्थानाचा क्रमांकच लिहायचा. तेव्हा वरच्या या खुणांना कुणी बाळबोध म्हणालं तर मनावर घेऊ नका.

८.००
− २.४५
―――
५.५५

रिकाम्या जागी शून्य घालायचं हे मी नियम म्हणून सांगत नाही. ‘८ मध्ये पट्ट्या किती सुट्या आहेत?’ ‘एकही नाही.’ ‘मग तिथे काय लिहायचं?’ शून्य मुलाकडूनच येतं. आणि ८ व ८.०० एकच, हे चौकोन समोर असताना वेगळं पटवावं लागत नाही.

खरी दमछाक होते ती इथेच, दोन शून्यं ओलांडून हातचा घेताना. ४ − १.२६ मध्ये शतांशाला दशांशाकडे जावं तर तिथेही शून्य. मुलं मग एककाचा हातचा थेट शतांशाला देतात आणि मधलं शून्य तसंच ठेवतात. चौकोनांनी करून बघू द्या: एक चौकोन कापला, दहा पट्ट्या झाल्या, त्यातली एक पुन्हा कापली. तेव्हा ४ म्हणजे ३ एकक, ९ दशांश, १० शतांश. उत्तर २.७४. मधल्या शून्याचे नऊ का होतात, हे ज्याने कापून पाहिलं त्याला पाठ करावं लागत नाही. हे नीट जमल्यावर एक गंमत दाखवा: दोन्ही संख्यांतून ०.०१ काढून टाका. ३.९९ − १.२५. फरक तोच, हातचा गायब! आधी मात्र दाखवू नका, नाहीतर मुलं एवढंच धरून बसतात.

प्रत्येक वेळी उभी मांडणी हवीच असंही नाही. ८ − ७.९६ ला हातचे घेत बसणं म्हणजे वेळ घालवणं. ७.९६ वरून ८ पर्यंत जायला किती लागतं? ०.०४. मीटरच्या टेपवर २.४ − १.६५ असंच चढत जाता येतं: १.७ ला पोचायला ०.०५, २ ला ०.३, २.४ ला ०.४, एकूण ०.७५. धावण्याच्या वेळाही चांगल्या, १२.४ सेकंद आणि ११.८५ सेकंद, फरक ०.५५. पैशांची उदाहरणं जरूर द्या, पण त्यांच्यावर विसंबू नका. तिथे टिंबानंतर नेहमी दोनच अंक लिहितात, त्यामुळे मूळ अडचण दडून राहते. तास-मिनिटं आणि क्रिकेटची षटकं तर अजिबात नकोत. १५.२ षटकांतून १२.४ षटकं गेली तर उरतात २ षटकं ४ चेंडू, दशांशांत मात्र उत्तर २.८. क्रिकेटवेडं मूल हा प्रश्न हमखास काढतं. काढलं तर शाबासकी द्या आणि षटकातलं टिंब दशांश चिन्ह नाही हे सांगून पुढे चला.

सोडवण्याआधी अंदाज आणि सोडवल्यावर ताळा. ८ मधून अडीचच्या आसपास गेले तर साडेपाच उरायला हवेत, मग २.४३ आलंच कसं? हा प्रश्न मुलाने स्वतःला विचारायचा आहे. ताळा नेहमीचाच: उत्तरात वजा केलेली संख्या मिळवायची.

गृहपाठाला वीस उदाहरणं नकोत. पाच पुरेत, पण ती आडवी लिहून द्या. उभी मांडून दिलीत तर टिंबं जुळवण्याचं काम तुम्हीच केलंत, मुलाला उरली ती नुसती वजाबाकी. सहावं असं काहीतरी द्या:

□.४ − १.□८ = २.६□

इथे मूल शेवटच्या चौकटीशी थबकतं, कारण ८ च्या वर काहीच दिसत नाही. तिथे स्वतःहून शून्य लिहून त्याने २ काढले की ७ आणि ४ सापडायला फार वेळ लागत नाही.