पिक्चर कसाय बे? : रिव्ह्यू लिहायला लागणाऱ्यांसाठी थोडं

मधे दोन-तीन कॉलेजच्या पोरांनी विचारलं की दादा रिव्ह्यू लिहायला सुरुवात कशी करायची, कोर्स लागतो का, पैसे मिळतात का. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतो. आधीच सांगतो, मी काही पूर्णवेळ समीक्षक वगैरे नाही, सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो, जीएसटीचं रिटर्न भरतो आणि उरलेल्या वेळात पिक्चर, डॉक्युमेंट्री, स्टँडअप जे हाताला लागेल ते बघून लिहितो. २०१८ पासून चालूय. त्यामुळं यातलं निम्मं शहाणपण आपटून आलेलं आहे.

पहिला रिव्ह्यू लिहिला तेव्हा चौदाशे शब्द झाले होते आणि त्यातले बाराशे शब्द स्टोरी होती. मग शेवटी "कलाकारांनी आपापल्या भूमिकांना न्याय दिला आहे, छायाचित्रण उत्तम, एकदा बघायला हरकत नाही". मला वाटलं झालो मी समीक्षक. मामीनं वाचला आणि म्हणाली, "बरं झालं, तिकिटाचे पैसे वाचले, तू सगळं सांगितलास की." तिनं कौतुकानं म्हटलं होतं, मला मात्र रात्रभर झोप नाही. तेव्हापासून स्टोरी जास्तीत जास्त चार ओळी, ती पण ट्रेलरमधे दिसते तितकीच. आणि "भूमिकेला न्याय" हे शब्द दिसले की मी बॅकस्पेस दाबतो, कारण कुणालाही चिकटवता येतं असलं वाक्य कुणाबद्दलच काही सांगत नाही.

पुढची गोष्ट कारखान्यातच कळली. आमच्याकडं चेकिंगच्या टेबलावर एक काका बसतात, तीस-पस्तीस वर्षं मालच बघतायत. एकदा त्यांच्यापुढं टॉवेलचा ढीग होता आणि शेजारी कुणाची तरी घरची चादर पडलेली. टॉवेल घेतला की ते बोटानं वरची बाजू उलटी करून लूप, म्हणजे धाग्याचे फास बघतात, कुठं ओढला गेलाय का, मग ओला हात लावतात. चादर घेतली ती मात्र उजेडात धरून उलटी-सुलटी केली, दोन्हीकडनं डिझाईन नीट उठलंय का, कडा सरळ आहेत का. मी सहज विचारलं की असं वेगवेगळं का, तर म्हणाले, "टॉवेल पाणी पितोय का बघायचं. चादर पाणी पिते का ते कोण बघतंय?"

मी तोपर्यंत सगळ्या पिक्चरना ओला हातच लावत होतो. म्हणजे कथा घट्ट आहे का, लॉजिक आहे का, संदेश आहे का, हे तीन प्रश्न हॉररलाही तेच, कॉमेडीलाही तेच आणि एका माणसानं तासभर माईक धरून केलेल्या स्टँडअपलाही तेच. मग एका कॉमेडी स्पेशलबद्दल (म्हणजे स्टँडअपचा शूट केलेला अख्खा कार्यक्रम) मी लिहिलं होतं की "विषयांमधे सुसूत्रता नाही". अरे सुसूत्रता काय, तो काय पीएचडीचा प्रबंध वाचायला उभा होता का?

स्टँडअपबद्दल जरा जास्त लिहितो कारण नवीन पोरं तिथंच सगळ्यात जास्त घसरतात आणि मी पण घसरलो. पहिली घोडचूक म्हणजे मी स्पेशल दीडपट स्पीडवर बघायचो, वेळ वाचतो म्हणून. पिक्चर पण बघू नये तसा, पण स्टँडअप तर अजिबातच नाही, कारण तिथं अर्धा माल गप्प बसण्यात असतो. माणूस वाक्य टाकतो, थांबतो, पाण्याची बाटली उचलतो, पब्लिकला आत येऊ देतो आणि मग शेवटचा शब्द सोडतो. दीडपटीत ते थांबणंच दळलं जातं. मी एकाला "टायमिंग कच्चं" असं लिहून मोकळा झालो होतो आणि सहा महिन्यांनी मित्राकडं तेच स्पेशल नॉर्मल स्पीडवर लागलेलं बघितलं तर मीच सोफ्यावरनं खाली. टायमिंग माझ्या बोटानं बिघडवलं होतं.

दुसरं म्हणजे वही. फोनमधे नोट्स काढल्या तर मधेच व्हॉट्सॲप उघडतं म्हणून मी कारखान्यातली एक जुनी लांबडी चोपडी घेतलीय, त्यात फक्त मिनिट आणि काय झालं ते. एका हिंदी स्पेशलचं पान जसंच्या तसं देतो:

०६ – विमानतळ. नाही हसलो.
११ – आईचे व्हॉट्सॲप फॉरवर्ड. मामी हसली, मी नाही. शंभरदा ऐकलंय.
२३ – बापाचा स्वेटर. कुणीच हसलं नाही. त्याला नकोच होतं बहुतेक??
३८ – ऑफिस. घसरगुंडी. घड्याळ बघितलं.
५१ – स्वेटर परत आला!! फुटलो. मामीच्या डोळ्यात पाणी.

आता यावरनं रिव्ह्यू लिहायला काय अवघड आहे सांगा. तेविसाव्या मिनिटाला त्यानं एक वस्तू खुंटीला टांगून ठेवली, आपण विसरलो, आणि एक्कावन्नाव्या मिनिटाला तीच काढून अंगावर घातली. याला स्टँडअपवाले कॉलबॅक म्हणतात. मधली पंधरा मिनिटं भरणा होती हेही वहीच सांगते. "धमाल, पैसा वसूल" लिहायची गरजच पडत नाही. फक्त पब्लिकच्या हशावर विश्वास ठेवू नका, बरीच स्पेशल एकापेक्षा जास्त शो शूट करून जोडलेली असतात आणि कॅमेरा नेमक्या लोळणाऱ्या माणसावरच जातो. तुम्ही हसलात का तेवढं लिहा.

विनोद आतून कसा चालतो ते शिकायचं असेल तर हॅना गॅड्सबीचं २०१८ चं 'नॅनेट' बघा, त्यात ती स्टेजवरच सांगते की विनोद म्हणजे आधी ताण तयार करायचा आणि मग सोडायचा, आणि नंतर एका ठिकाणी ताण सोडतच नाही. मला पहिल्यांदा राग आला होता की ही हसवत का नाहीये, म्हणजे तिथंही मी चादरीला पाणीच पाजत होतो. बो बर्नहॅमचं २०२१ चं 'इनसाइड' तर एका खोलीत एकट्यानं लिहून, शूट करून, एडिट करून केलेलं आहे, समोर पब्लिकच नाही, तिथं हशा मोजायचा कुठं? आणि हे सगळं परदेशातनं आलंय असं समजू नका. लक्ष्मण देशपांडे एकटे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करायचे, बावन्न पात्रं, एक माणूस, आणि पात्र बदललं हे आवाजावरनं आणि उपरण्यावरनं कळायचं. आमच्या वडिलांच्या पिढीला ते निम्मं पाठ आहे. स्टँडअपवर मराठीत लिहायचं असेल तर एकपात्रीचा हा वारसा माहीत पाहिजे, नाहीतर सगळं कालच उगवल्यासारखं लिहाल.

हॉररचा किस्सा माझ्या चांगलाच अंगलट आलाय. 'तुंबाड' २०१८ चा, मी तो नंतर मोबाईलवर बघितला, दुपारी, खिडकी उघडी, बाहेर भंगारवाला ओरडतोय. लिहिलं काय, तर "संथ आहे, भीती वाटत नाही". २०२४ च्या सप्टेंबरमधे तो परत थिएटरला लागला (आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला), तेव्हा अंधारात मोठ्या पडद्यावर बघितला. त्या पिक्चरमधे पाऊस थांबतच नाही, भिंती ओल्या, माणसं ओली, आणि तो आवाज चारी बाजूंनी. आम्हा सोलापूरकरांना पाऊस म्हणजे आनंदाची बातमी असते, ढग आले तरी लोक गच्चीवर जाऊन बघतात. त्या पिक्चरनं मला पावसाची शिसारी आणली, हे मोबाईलवर कसं कळणार होतं? जुना रिव्ह्यू काढला नाही, खाली नवीन लिहिलं की माझं चुकलं होतं, मी हा मोबाईलवर बघितला होता. तुम्ही पण कशावर बघितलं ते पहिल्या दोन ओळींत लिहा, आणि हॉरर असेल तर निदान हेडफोन तरी लावा.

आपल्याला जी भाषा येत नाही त्या पिक्चरबद्दल लिहिताना अजून जपून. सोलापुरात तेलुगू पिक्चर तेलुगूतच लागतात, पूर्व भागात पद्मशाली समाज मोठा आहे, घरात तेलुगू, बाहेर मराठी. तिथल्या एका मित्राबरोबर गेलो होतो. सबटायटल नाही, मी अंदाजानं बघतोय, आणि अख्खं थिएटर एका म्हाताऱ्याच्या साध्या साध्या वाक्याला हसून लोळतंय. घरी येऊन मी लिहिलं की विनोद पांचट आहे. मित्राचा लगेच फोन, "का बे, तुला समजलं नाही म्हणून पिक्चरला पांचट म्हणलालास का?" मग त्यानं सांगितलं की तो म्हातारा अस्सल तेलंगणाच्या बोलीत बोलतोय आणि समोरचा जावई शहरी तेलुगूत उत्तर देतोय, सगळी मजा त्या दोन बोलींच्या टकरीत होती. मी म्हटलं मग लिहू काय? तर म्हणे, "लोक हसलालते, मला कळंना, मित्राला विचारलो, असं लिही की." तसंच लिहिलं आणि तो माझा आजपर्यंत सगळ्यात जास्त शेअर झालेला तुकडा आहे.

बायोपिकमधे एक वेगळाच खड्डा असतो, माणूस मोठा म्हणून पिक्चर मोठा. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, १९१० चा जन्म, चीनमधे जखमी सैनिकांवर उपचार करत तिथंच १९४२ ला गेले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ ला पिक्चर काढला आणि मुख्य भूमिका पण स्वतःच केली. मी तो बघायला बसलो तेव्हा ऊर आधीच भरून आलेला, आपल्या गावचा डॉक्टर पडद्यावर, चार स्टार तर बसायच्या आधीच देऊन झालेले. मग वहीत दोन कॉलम केले, एकात कोटणीसांबद्दल काय वाटलं, दुसऱ्यात सीन कसा केलाय. तुम्ही पण करून बघा, पहिला कॉलम भरभरून वाहतो आणि दुसऱ्यात लिहिताना पेन अडतं.

गावचा अभिमान 'सैराट'लाही नडला होता. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, २०१६ ला आमच्या जिल्ह्यात वातावरणच असं होतं की वाईट बोललं तर मार खाल्ला असता. मी सगळं गाण्यांबद्दलच बोलत होतो. तिसऱ्यांदा बघितला तेव्हा लक्षात आलं की इतकं दणदणीत संगीत असलेल्या पिक्चरनं शेवटी आवाजच काढून घेतलाय. शेवट सांगत नाही, पण तेव्हापासून कुठलाही पिक्चर असो, आवाज कधी बंद होतो ते वहीत येतंच.

डॉक्युमेंट्रीला मी एवढंच बघतो की कॅमेरा तिथं कुणाच्या परवानगीनं पोचला आणि कोण बोलायचं राहिलं. ॲक्शनला, मारामारी कोण कुणाला मारतंय ते कळतंय का.

आता कामाच्या कटकटी. मुंबई-पुण्यासारखे प्रेस शो आपल्याकडं होत नाहीत, शुक्रवारी पहिल्या खेळाचं तिकीट स्वतःच्या पैशानं काढायचं. मी म्हणतो बरंच आहे, फुकट खाल्लं की मिठाला जागावं लागतं. थिएटरमधे पडद्याचं शूटिंग करून इन्स्टाच्या स्टोरीला टाकू नका, कितीही छोटी क्लिप असली तरी. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात परवानगीशिवाय रेकॉर्डिंगला कमीत कमी तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. व्हिडिओ रिव्ह्यू करणार असाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ समीक्षेसाठी वाजवी वापराला मुभा देतं, पण यूट्यूबचं मशीन कलम वाचत बसत नाही, आणि नव्वद दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक (इशारे) आले की चॅनल जातं. त्यामुळं ट्रेलरमधले स्टिल वापरा आणि तोंडानं बोला. जाहिरातीचा वाटा मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास वॉचटाइम लागतो, मराठीत नुसत्या रिव्ह्यूवर ते व्हायला दम लागतो, नोकरी सोडू नका.

कोर्स पाहिजेच असं नाही, पण पुण्यात एफटीआयआय (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट) आणि फिल्म अर्काइव्हचा फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स असतो, एफटीआयआयचे छोटे कोर्सही असतात, तारखा-फी त्यांच्या वेबसाइटवर बघा. मला सुट्टी मिळत नाही म्हणून माझा राहिलाय तो राहिलाच. आणि शेवटची क्रेडिट संपेपर्यंत उठू नका. मी एकदा पार्श्वसंगीताचं कौतुक गाण्यांच्या संगीतकाराच्या नावावर लिहिलं होतं, दोघं वेगळे होते, आणि ज्याचं काम होतं त्याच्या भावानं खाली येऊन चांगलं झापलं.

पेडचं, म्हणजे पैसे घेऊन रिव्ह्यू लिहायचं पण विचारतात. मागच्या वर्षी एका पिक्चरच्या पीआरवाल्याचा मेसेज आला, रिलीजच्या आधीच, "सर चार स्टार आणि एक स्टोरी, रेट सांगा." पिक्चर बघायला कधी मिळेल असं विचारलं तर म्हणे त्याची काय गरज, मजकूर आम्ही पाठवतो. जाहिरात करायची असेल तर करा, पण ॲस्कीच्या (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था) २०२१ च्या नियमांप्रमाणे जाहिरात आहे असं ठळक लिहावं लागतं. मी त्याला तसं सांगितलं, वर "जाहिरात" लिहून टाकतो म्हटलं. त्यानं निळी टिक दिली आणि गायब. शुक्रवारी मी आणि मामी तिकीट काढून गेलो. चोपडीत त्या दिवशीच्या पानावर चाळिसाव्या मिनिटापर्यंत नोंद आहे, पुढं मामीच्या अक्षरात "हा झोपलाय".