शेततळ्याचा कागद घेताना आणि अंथरताना

शेततळ्याच्या अस्तरासाठी ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा कागद घ्या आणि त्यावर आयएस १५३५१ हा भारतीय मानकाचा छापा आहे का, ते स्वतः बघा. पण कागद कितीही चांगला असला तरी तो बहुतेकदा खालून फाटतो. आमचं तळं दुसऱ्याच वर्षी गळायला लागलं. कोपरा उचलून पाहिला, तर खाली हरभऱ्याएवढा एक टोकदार खडा! म्हणून खोदाई झाली की उतारावरून अनवाणी फिरा. पायाला जे टोचतं ते कागदालाही टोचणारच. हरळीच्या काशा, लव्हाळ्याच्या गाठी अशी तणांची मुळं वेचून काढा, वर चाळलेली माती दाबून बसवा. कागद ताणू नका, थोडा सैल सोडा आणि काठावर चर खोदून त्यात कडा गाडा.

उन्हाळ्यात तळं पूर्ण रिकामं करू नका, फूटभर पाणी राहू द्या. नाहीतर वारा कागद उचलतो. गाळ काढायला फावडं नको, घमेलं आणि हात पुरे.

आणि कुंपण घालाच. ओला कागद इतका निसरडा असतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा.