सशाचं आणि टिटवीचं पिल्लू शिवारात सापडलं? या चुका टाळा

ज्वारीची काढणी आणि मग उन्हाळी नांगरट. मराठवाड्यात याच दिवसांत सशाची आणि टिटवीची पिल्लं माणसांच्या हाती लागतात. दोन्ही दबून, निपचित बसतात, म्हणून पोरकी समजून घरी आणली जातात. सगळ्यात मोठी चूक हीच.

सशाची मादी दिवसा पिल्लांजवळ थांबत नाही. तिच्या वासावर कोल्हा-कुत्रा येतो, पिल्लांना मात्र फारसा वास नसतो. साधारणपणे दिवसातून एकदा, अंधार पडल्यावर ती येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. आई दिसत नाही म्हणून घाबरू नका. टिटवीचं नेमकं उलट. नर-मादी दोघंही डोक्यावर घिरट्या घालत ओरडत असतात आणि त्या ओरडण्यानेच पिल्लू ढेकळाला चिकटून बसतं. तुम्ही दूर गेल्याशिवाय ते हलणार नाही.

दुसरी चूक दुधाची. सशाच्या आईचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी स्निग्ध असतं. ड्रॉपरने गाई-म्हशीचं दूध पाजलं की पिल्लाला हगवण लागते किंवा दूध श्वासनलिकेत जातं, आणि ते दगावतं. टिटवीच्या पिल्लाला तर दूध नकोच. जन्मल्या दिवसापासून ते स्वतः किडे टिपतं.

पाळीव सशाचे नियम रानसशाला लावू नका. पाळीव सशाची पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. रानसशाची अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन, तीही बिळात नव्हे, गवताच्या बुडाशी. पिंजऱ्यात ती भीतीनेच मरतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पाळणं गुन्हा आहे.

पिल्लू उचललंच असेल, तर लगेच त्याच जागी ठेवा. माणसाचा हात लागला की आई जवळ घेत नाही, ही समजूत खोटी आहे. मशीन तिथूनच जाणार असेल, तर सशाचं पिल्लू मूठभर गवतात धरून जवळच्या धुऱ्यावर ठेवा, आणि त्या रात्री कुत्री बांधून ठेवा.

टिटवीची अंडी मात्र हलवू नका. उथळ खळगा, कडेला बारीक खडे आणि शेळीच्या लेंड्या, मधे काळ्या ठिपक्यांची मातकट चार अंडी. चार पावलांवरूनही दिसत नाहीत. बाजूला काठी रोवा, ट्रॅक्टरवाल्याला दाखवा, तेवढा तुकडा सोडा. साधारण चार आठवड्यांत पिल्लं निघतात. जखमी जीव दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तोवर त्याला सावलीत, झाकलेल्या खोक्यात ठेवा आणि पोरांना गर्दी करू देऊ नका.