एक कच्चा, एक उकडलेला: पेशीचं काम घरी कसं बघायचं

भावाची पोरगी आठवीत आहे. मागं एकदा वही घेऊन आली आणि पेशीची आकृती धाडधाड काढून दाखवली. केंद्रक, रिक्तिका, तंतुकणिका, सगळ्यांना बाण. मी विचारलं, "आणि ही दिवसभर करते काय गं?" तर म्हणते, "ते मी अजून वाचलो नाही, आत्या."

एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून माझी हयात गेली. पोरं सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा बघायची, आकृती काढायची आणि कॅन्टीनला पळायची. रॉबर्ट हूकनं 1665 साली बुचाच्या कापात पहिल्यांदा ज्या कोठड्या बघितल्या, त्याही मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंतीच होत्या. जिवंत पेशीचं काम बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, स्वयंपाकघर पुरतं. फक्त प्रत्येक वस्तू जोडीनं घ्यायची: एक कच्ची, एक उकडलेली. बाकी सगळं दोघींना अगदी सारखं.

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटमधून एक बीट आणि दोन बटाटे आणा. गूळ घरात असेलच. बेकरीचं सामान मिळतं तिथं ड्राय यीस्ट (एकेका पेशीची जिवंत बुरशी) मागा आणि औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली घ्या.

बिटाचं काम पटकन होतं. बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे कापा आणि नळाखाली चांगले धुवा, कारण सुरीनं फुटलेल्या पेशींचा रंग आधी जायला हवा. एक तुकडा पाच मिनिटं उकळत्या पाण्यात घालून काढा. मग दोन्ही वेगवेगळ्या ग्लासात गार पाण्यात सोडा. अर्ध्या तासानं उकडलेल्याचं पाणी लालभडक आणि कच्च्याचं जेमतेम गुलाबी.

बिटाचा रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, साठवलेला असतो आणि तो पाण्यात विरघळणारा. त्याच्या वाटेत दोन पटलं, म्हणजे पातळ पडदे, आडवी येतात, एक रिक्तिकेचं आणि एक पेशीचं. ही पटलं मुख्यतः स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराची. मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातल्या सात-आठ भागांएवढी त्यांची जाडी! तांबड्या रश्श्यावरचा तवंग आठवा. मिरचीचा रंग तेलात उतरतो म्हणून तवंग लाल दिसतो. बिटाचा रंग तेलात उतरत नाही, म्हणून तो आत अडकून राहतो. उष्णतेनं पटल विस्कटलं की वाट मोकळी.

आता गूळ. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे गूळ विरघळवा, गाळा आणि दोन छोट्या बाटल्यांत सारखा वाटा. एकीत अर्धा चमचा यीस्ट घाला. दुसरीत तेवढंच यीस्ट, पण घोटभर पाण्यात उकळून गार केलेलं. दोन्हींच्या तोंडाला फुगे चढवा. बूच लावू नका, बाटली फुटेल.

इथं माझीच फजिती झाली. गडबडीत गुळाचं पाणी गरम होतं तसंच ओतलं. तासभर दोन्ही फुगे मान टाकून पडलेले. पोरगी म्हणाली, "आत्या, ह्ये दोन्ही उकडलेलंच की!" खरंच होतं. साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. बोट बुडवून चटका बसत नाही, इतपतच पाणी हवं. दुसऱ्या खेपेला पाऊण तासात एक फुगा उभा राहिला.

गुळातली साखर मुख्यतः सुक्रोज. यीस्टचं एक विकर (एन्झाइम, पेशीतली रासायनिक कामं झटपट उरकणारं प्रथिन) आधी तिचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. मग आतली विकरं ते तुकडे मोडून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतात आणि मोडताना सुटलेल्या ऊर्जेवर यीस्ट जगतं. फुग्यात भरतो तो हाच वायू. सुक्रोज फोडणारं असलंच विकर उसातही असतं. म्हणून तर तोडलेला ऊस पडून राहिला की साखर घटते आणि गुऱ्हाळवाला शिळ्या उसाला नाक मुरडतो.

माझा लाडका प्रयोग बटाट्याचा. पेरॉक्साइडच्या बाटलीवर '20 व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं, म्हणजे 1 मिली द्रावणातून 20 मिली ऑक्सिजन सुटू शकतो. त्यात तेवढंच पाणी मिसळा. डोळ्यांना जपा, हाताला लागलं तर लगेच धुवा, आणि हे काम मोठ्या माणसानंच करायचं. दोन उभट ग्लासांत कच्च्या आणि उकडून गार केलेल्या बटाट्याच्या फोडी टाका, वरून द्रावण ओता. कच्च्यावर साबणासारखा फेस चढतो. पेटती उदबत्ती फेसाच्या वर, त्याला न टेकवता, ग्लासात धरा: टोक एकदम लखलखतं. तो ऑक्सिजन. उकडलेला बटाटा ढिम्म.

पेरॉक्साइड पेशीतही रोज तयार होतं आणि तिला ते घातक. कॅटालेज नावाचं विकर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. त्याचा एक रेणू सेकंदाला लाखो रेणू फोडतो. विकर म्हणजे प्रथिन, विशिष्ट घडी घातलेलं. उकडल्यावर ती घडी मोडते, अंड्याचं पांढरं घट्ट होतं तशी.

पोरीनं मग किसणी काढली. किसलेल्या बटाट्यावर फेस दुप्पट! "पेशी तर फुटल्या. मेला की हा?" मेला, पण विकराची घडी शाबूत होती, आणि ते आता थेट द्रावणात मिसळलं. एडुआर्ड बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 1897 साली यीस्टवर हेच दाखवलं. वाळू घालून यीस्ट खलात घोटलं, दाबून रस पिळला, त्यात साखर घातली आणि जिवंत पेशी नसतानाही ती आंबली. त्याला 1907 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या पाट्यावर ते जमायचं नाही. यीस्टची पेशी मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी, वरवंट्याखालून सहज निसटते.

ऐकतेय कुठली ती, बीटही किसलंन् आणि पाण्यात टाकलंन्. न उकडताच पाणी लाल. किसणीनं पटल फाडलं, पण विकर मोडलं नाही, हे तिचं तिलाच कळलं. उरलेल्या बिटाची दही घालून कोशिंबीर केली. पेरॉक्साइडमधला बटाटा मात्र टाकून द्या.